जुनी शिल्पं, आजची कला आणि एकच छप्पर: सोलापूरच्या संग्रहालयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पुरातत्त्व आणि आजची कला एकत्र दाखवणारं एक छोटं संग्रहालय व्हावं, असं आम्ही काही जण बरेच दिवस मांडतो आहोत. शाळांत, विणकरांच्या वस्तीत, गावच्या पारावर, जिथं बोलायला जातो तिथं तेच प्रश्न पुन्हा येतात. बहुतेक प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. जागा अजून ठरलेली नाही, त्यामुळे वेळ, तिकीट, पार्किंग यांबद्दल इथं काही सापडणार नाही.

जुन्या मूर्ती आणि आजची चित्रं एकत्र कशाला? दोन वेगळी संग्रहालयं का नकोत?

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची जी नोंद लिहिली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात ‘तगर’ नावाचं शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं हे शहर. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमलीचे प्रकार गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात, असं त्यात लिहिलं आहे. तगर म्हणजे आपलं तेर. बार्शी ओलांडली की थोड्याच वेळात तिथं पोहोचतो. जिल्हा धाराशिव, पण सोलापूरकरांना ते परकं नाही.

आता सोलापूरची चादर आणि टॉवेल डोळ्यांसमोर आणा. तेव्हाचं कापड आणि आजचं कापड यांत अखंड परंपरा आहे, असा दावा मी करणार नाही. आज इथं माग चालवणारी पद्मशाली घरं तेलंगणाकडून आली, गिरण्या एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिल्या. पण या भागाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या मालात तेव्हाही कापड होतं आणि आजही आहे. मातीचं आणि दगडाचंही तसंच. तेरला उत्खननात निघालेली मातीची बाहुली आणि आज कुंभारवाड्यात घडणारी मूर्ती यांत काळाचं अंतर प्रचंड आहे, पण ओल्या मातीवर अंगठा दाबायची रीत तीच आहे. दोन इमारती केल्या, की एकीकडे ‘इतिहास’ आणि दुसरीकडे ‘कला’ अशी फाटाफूट होते आणि ज्यांचे हात आजही चालताहेत ते कारागीर दोन्हीकडून बाहेर राहतात. मला ते मान्य नाही.

मग आत मांडणी कशी असेल?

काळाच्या क्रमानं नाही. सातवाहन, चालुक्य, यादव, बहमनी, आदिलशाही अशी रांग लावली की शाळेतली मुलं दुसऱ्या खोलीतच जांभया देतात. आमच्या मनात तीन खोल्या आहेत: माती, दगड आणि कापड.

मातीच्या खोलीत तेरच्या धर्तीच्या मृण्मूर्ती. त्यांतल्या बऱ्याच दोन भागांच्या साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग ओल्यातच दोन्ही जोडायचे. कडेनं बारीक नजरेनं पाहिलं की सांध्याची रेघ दिसते. गणपती घडवणाऱ्या कारागिराला ही रेघ दाखवायला लागत नाही, तो आधी तिथंच बघतो. तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. ज्या गावानं दोन हजार वर्षांपूर्वी मातीच्या मूर्ती घडवल्या, त्याच गावात कुंभाराचा संत झाला, हे मुलांना एकाच खोलीत उभं राहून कळलं पाहिजे. शेजारी आज मातीत काम करणाऱ्या कलाकाराचं काम असेल, तेही त्याच उंचीच्या ओट्यावर.

दगडाच्या खोलीत वीरगळ असतील, म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेले दगड. आपल्या जिल्ह्यात गावोगाव वेशीजवळ, देवळामागे, ओढ्याच्या काठी वीरगळ पडलेले आहेत आणि बहुतेकांना ते कुठल्यातरी देवाचे दगड वाटतात. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई. कधी शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गुरं सोडवताना तो माणूस पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कलश. एका सामान्य माणसाच्या मरणाची गोष्ट तीन-चार चौकटींत सांगितलेली असते. चौकटींतून गोष्ट सांगणारे आजचे चित्रकार इथं येऊन बसले, तर त्यांना शिकण्यासारखं खूप आहे. आणि जिल्ह्यात दगड फोडणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. त्याच घरांतून आलेले शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं जी चित्रं काढतात, ती आज देशभर पाहिली जातात.

कापडाची खोली सगळ्यात अवघड. आपल्या हवेत दोन हजार वर्षांपूर्वीचं कापड टिकत नाही. उरतात त्या सूत कातायच्या टकळीच्या चकत्या: मातीच्या, मधे भोक पाडलेल्या, बोराएवढ्या किंवा थोड्या मोठ्या. दिसायला अगदी किरकोळ. त्यांच्यासमोर जॅकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं टांगायची, आणि सोलापूरच्या हातमागावर विणलेलं वॉलहँगिंग. चकतीचं भोक आणि कार्डाचं भोक समोरासमोर आलं, की पाट्यांवर फार लिहावं लागणार नाही.

असं संग्रहालय दुसरीकडे कुठं आहे का?

आहेत, आणि त्यांतली काही लहान गावांत.

सातारा जिल्ह्यात औंधचं श्रीभवानी संग्रहालय बघा. औंध आकारानं खेडंच. पण तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माता-बालकाच्या शिल्पापर्यंत सगळं एका टेकडीवर आणलं. मूर हा त्या काळचा समकालीन कलाकार होता, हे लक्षात घ्या. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, आणि त्याच इमारतीत आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं. मुंबईत राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयानं तर एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या काचकपाटांशेजारी आजच्या कलाकारांना बोलावण्याचा पायंडाच पाडला आहे. केरळात कोचीजवळच्या मुझिरिस या प्राचीन बंदराचं नाव २०१२ पासून एका मोठ्या समकालीन कला प्रदर्शनाला लागलेलं आहे.

आणि तेरचं सरकारी संग्रहालय विसरू नका. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसानं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवरून, शेतांतून वस्तू गोळा केल्या आणि त्यातून ते उभं राहिलं. हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती तिथं मिळाली, तिच्या जातकुळीची एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली आहे. एका माणसाच्या ध्यासातून केवढं काम होतं, त्याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

आमच्या गावची मूर्ती उचलून नेणार का?

नाही. हा प्रश्न गावात सगळ्यात आधी येतो आणि तो विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे.

जिथं दिवा लागतो, तिथली मूर्ती तिथंच राहील. पूजेत नसलेली, पण गावानं सांभाळलेली मूर्तीही तिथंच राहावी. तिच्यावर साधं छप्पर घालावं, खाली चौथरा करावा, तिचे फोटो आणि मापं आमच्याकडे असावीत. मूर्ती चोरीला गेली तर हेच फोटो कामाला येतात; ती मूर्ती आपल्याच गावची आहे हे सिद्ध करायला दुसरा पुरावा बहुतेक वेळा नसतो. संग्रहालयात याव्यात त्या बेवारस पडलेल्या वस्तू. गटारीच्या कडेला आडवी टाकलेली शिळा, कपडे धुवायला वापरलेला वीरगळ, रस्ता रुंद करताना उपटून टाकलेला दगड. त्याही ग्रामसभेत बोलून आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं.

वस्तू जिल्ह्यातच राहावी याचं एक साधं कारण आहे. वस्तू कुठं सापडली हे माहीत नसेल, तर तिचं अर्धं बोलणं बंद होतं. ‘महाराष्ट्र, अंदाजे बारावे शतक’ एवढीच पाटी लागलेली मूर्ती सुंदर असते, पण मुकी असते. तीच मूर्ती मंगळवेढ्याची आहे असं कळलं, की कलचुरी राजा बिज्जल आणि त्याची तिथली राजधानी आठवते, आणि तिथून बसवेश्वरांच्या काळाची सगळी उलथापालथ समोर उभी राहते.

शेत नांगरताना नाणी, मूर्ती, भांडं सापडलं तर काय करायचं?

आधी नांगर थांबवा. वस्तू धुऊ नका, घासू नका. जागेवरच दोन-तीन फोटो काढा, त्यातल्या एकात बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण येऊ द्या. मग तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा.

लोक घाबरतात ते कायद्याला, म्हणून तोही सांगतो. १८७८ चा निखात निधी, म्हणजे गाडलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं म्हणजे सगळं गेलं, असं नाही. मूळ मालक पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा कायद्यात ठरवलेला आहे. वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश असा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. लपवलं तर मात्र हक्क जातो आणि शिक्षाही होते. सोनाराकडे नेऊन वितळवलेली नाणी कायमची गेली. त्यांवरचं राजाचं नाव परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही.

घरात पिढ्यांपासूनची मूर्ती किंवा पोथी आहे. ती ठेवणं गुन्हा आहे का?

नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची अट आहे. मूर्ती, चित्रं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. देव्हाऱ्यात ठेवून पूजा करायला काहीच हरकत नाही. पितळी-ब्राँझच्या जुन्या मूर्ती चिंच-मिठानं घासू नका, एवढी कळकळीची विनंती. मिठातले क्लोराइड धातूत शिरतात, पुढे हिरवी भुकटी सुटायला लागते आणि मूर्ती आतून खाल्ली जाते.

शेंदराचे थर काढणार का?

पूजेतल्या मूर्तीचे, नाही. शेंदूर आणि तेल यांचे थर शेकडो वर्षं चढत जातात आणि कधीतरी त्यांचं कवच आपोआप गळून पडतं, तेव्हा आतली मूळ मूर्ती दिसते. संग्रहालयात आलेल्या दगडाचे थर काढायचे की नाहीत, हे प्रशिक्षित संवर्धक ठरवेल. माझं मत विचाराल, तर एखाद्या दगडावरचे थर मुद्दाम तसेच ठेवावेत. माणसांनी त्या दगडाशी काय नातं ठेवलं, याची ती नोंद आहे.

आजची कला आम्हाला कळत नाही. भिंतीवर टांगलेल्या फाटक्या साडीला कला का म्हणायचं?

कळलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पण कळत नाही म्हणून लाज वाटून दारातूनच परत जाऊ नका. हेमाडपंती देवळाच्या खांबावरची कीर्तिमुखं, ते कोरलेले उग्र चेहरे, तरी कुठं सगळ्यांना कळतात? तरी आपण तिथं उभे राहतो, हात फिरवतो, कुणालातरी विचारतो.

एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये आपल्या पंढरपुरातला. पुढे मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून त्यांनी पोट भरलं. म्हणजे ज्यांची चित्रं कोट्यवधींना विकली गेली, त्यांचा हात रस्त्यावरच्या माणसासाठी चित्र काढून तयार झाला होता. आजची कला म्हणजे मोठ्या शहरातल्या वातानुकूलित दालनातली श्रीमंतांची गोष्ट, हा समज आपल्या जिल्ह्यानं तरी धरून ठेवू नये.

फाटक्या साडीबद्दल बोलायचं, तर ती कुणी टांगली आणि का, हे शेजारी चार साध्या ओळींत लिहिलेलं असेल. ते वाचूनही पटली नाही तर नाही पटली. वहीत तसं लिहून जा, ती वही कलाकाराला वाचायला दिली जाईल.

कलाकार जुन्या वस्तूंवर प्रयोग करतील का?

मूळ वस्तूवर कधीच नाही. आय वेईवेई या चिनी कलाकारानं १९९५ मध्ये हान राजवटीच्या काळातला एक मातीचा घट हातातून सोडून फोडला आणि त्याची छायाचित्रं काढली. आपल्या देशात जुनं सगळं मोडून टाकलं जात असताना कुणाला काही वाटत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. ते काम महत्त्वाचं मानलं जातं आणि त्यामागची तगमग मला समजते. तरीही इथं तसं होऊ देणार नाही. आपल्याकडे मोडतोड आधीच पुरेशी होते आहे, ती दाखवायला आणखी एक घट फोडायची गरज नाही. कलाकारांना छायाचित्रं मिळतील, ठसे आणि प्रतिकृती मिळतील, मूळ वस्तूसमोर हवा तितका वेळ बसायला मिळेल.

हे बंधन दोन्ही बाजूंनी आहे. कलाकाराच्या कामालाही संग्रहालयानं धक्का लावायचा नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकण्यात आलं. ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. काम विकलं तरी त्याची विटंबना होऊ न देण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात या वस्तू टिकतील का? एसी लागणार ना?

दगडाला लागत नाही. मातीच्या भाजलेल्या, न रंगवलेल्या वस्तूंनाही उजेडाची फारशी भीती नसते. त्यांना भीती असते क्षारांची. जमिनीत मुरलेले क्षार दमट-कोरड्या हवेत वर येतात, पांढरे स्फटिक धरतात आणि पृष्ठभागाचे पोपडे निघतात. म्हणून अशा वस्तू आधी स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून क्षारमुक्त कराव्या लागतात.

खरी काळजी कापड, कागद, लाकूड आणि हस्तिदंताची. कापड आणि कागद ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढ्याच मंद उजेडात ठेवायचे असतात आणि काही महिन्यांनी काढून विश्रांती द्यायची असते. लाकूड-हस्तिदंताला तडे जातात ते हवेतला ओलावा झपाट्यानं बदलल्यामुळे. आपल्याकडे एप्रिल-मे मधली भट्टी आणि लगेच जूनचा पाऊस, हाच तो धोका. दिवसा एसी लावून रात्री बंद केला तर हा चढउतार रोजच होतो. त्यापेक्षा जाड भिंतींची, उंच छताची जुनी इमारत आणि नीट बंद होणारी कपाटं अधिक भरवशाची. अशा इमारती सोलापुरात अजून आहेत.

सगळं देवळांचं आणि मूर्तींचंच का? गिरण्यांचं काय?

बरोबर प्रश्न. जुनी मिल १८७७ ची. गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराचं घड्याळ चालायचं. आता चिमण्या गेल्या, चाळी गेल्या, तिथं फ्लॅट उभे राहिले. जमिनीखालचं तेच पुरातत्त्व असं नाही. गिरणीचा हजेरीचा पितळी बिल्लाही पुरावस्तूइतक्याच मायेनं सांभाळला पाहिजे, कारण तो बिल्ला खिशात घेऊन फिरलेली माणसं आता मोजकी उरली आहेत. त्यांच्या आवाजात भोंग्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि एखाद्या कलाकाराला त्यांतून ध्वनीचं मांडणशिल्प करायला सांगायचं, ही माझी जुनी इच्छा आहे. सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे, यांची आठवण मात्र शहरानं स्वतंत्रपणे आणि मोठ्या जागेत जपावी. एका कोपऱ्यात ते मावणार नाहीत.

पाट्या कोणत्या भाषेत असतील?

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. जिल्ह्यातले कितीतरी शिलालेख जुन्या कन्नडात आहेत. मराठीखेरीज काही लावायचं नाही म्हटलं, तर आपल्याच दगडांना आपण परकं ठरवू. इंग्रजी पाहुण्यांसाठी, शेवटी.

हात लावता येईल का? फोटो?

प्रतिकृतींना हात लावा, त्या त्यासाठीच ठेवायच्या. दृष्टिहीन मुलांसाठी वीरगळाची प्रतिकृती पहिल्या दिवसापासून असावी, यावर आमच्यात एकमत आहे. फोटो काढा, फ्लॅश नको.

संग्रहालय होईपर्यंत आत्ता काय बघता येईल?

तेर, अर्थातच. संग्रहालयाबरोबर तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहा. मुळात ते गजपृष्ठाकार, म्हणजे मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल असलेलं बौद्ध चैत्य (प्रार्थनास्थळ) असावं, असं अभ्यासक मानतात. अक्कलकोटला राजवाड्यातलं शस्त्रागार. वेळापूरचं अर्धनारीनटेश्वर. नळदुर्गचा पाणीमहाल, पाऊस चांगला झाला असेल तर.

पण एकच ठिकाण निवडायचं तर हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांचा तिथं संगम आहे. हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, एकेक चेहरा निरखायला बसलात तर दुपार पुरत नाही. आणि संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते आणि जो वाचेल तो विजयी होईल, असा आशीर्वाद त्यात कोरला आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या चिकाटीमुळे तो आपल्याला माहीत झाला.

अक्षरं नीट दिसावीत म्हणून लोक शिलालेखांवर खडू किंवा पीठ चोळतात, ते करू नका. दगडाची झीज होते. साधी टॉर्च न्या आणि ती समोरून न धरता बाजूनं, अगदी तिरपी धरा. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षरं उठून दिसतात. पावसाळ्यात निघण्याआधी नद्यांना पाणी किती आहे, ते गावात विचारून घ्या.